वाचकांचे प्रश्न : ‘रूट्स’ची संथ लय

प्रश्न : सेपल्टुरा या ब्राझीलच्या हेवी मेटल बँडच्या ‘रूट्स’ अल्बमला प्रयोगशील का म्हणतात? मला तर त्यात केवळ वेग कमी झालेला जाणवला.

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि प्रयोगाची सुरुवात तिथूनच होते. थ्रॅश मेटल या हेवी मेटलच्या वेगवान प्रकारातील धावत्या लयीवर नाव कमावलेल्या या बँडने १९९६ च्या या अल्बममध्ये गिटारींचे सूर खाली उतरवले, चाल संथ केली आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत ब्राझीलची तालवाद्ये आणून बसवली. ‘अ‍ॅटिट्यूड’ या गाण्याच्या आरंभी टणत्कारतो तो बेरिंबाऊ, म्हणजे एका तारेचे धनुष्य आणि त्याला बांधलेला पोकळ भोपळा; आपल्याकडच्या एकतारीची आठवण व्हावी असा. ‘रातामाहाता’त ब्राझीलच्या बाहिया राज्यातील तालवादक कार्लिन्होस ब्राउन आहेत. ‘इत्सारी’साठी मात्र बँड ब्राझीलच्याच मातो ग्रोसो राज्यातील शावांते आदिवासींच्या वस्तीत गेला आणि त्यांचे समूहगायन तिथेच, विजेच्या गिटारींविना, ध्वनिमुद्रित केले. आमच्या मते अल्बमचा खरा गाभा हाच आहे, कारण इथे तालवाद्ये केवळ तोंडी लावण्यापुरती उरत नाहीत. शेवटाकडे अल्बम थोडा रेंगाळतो, हेही मान्य करायला हवे. एकदा ‘इत्सारी’ हेडफोन लावून ऐका.