अडीच वर्षांच्या मुलीसाठी पैसे भरून पालकवर्ग लावावा का? घरच्या घरी शिकवण्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला सातपूरमध्ये राहता, दोघंही नोकरी करता आणि 'घरच्या घरी बालशिक्षण' शिकवणाऱ्या वर्गाची फी आठ हजार आहे, तर ती भरावी का. मी सिडकोत राहते, माझा मुलगा आता पाच वर्षांचा आहे. मी असे दोन कार्यक्रम केलेत, एक पैसे भरून आणि एक फुकट. उपयोग झाला तो फुकटच्याचा.

पैसे भरलेल्या वर्गात तीन रविवार हॉलमध्ये बसून व्याख्यानं ऐकली. पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवली आणि शेवटी फ्लॅशकार्डांचा संच गळ्यात मारला. तिन्ही रविवार मुलगा घरी सासूबाईंकडे होता. म्हणजे मी त्याच्याशी कशी बोलते, कशी खेळते, हे तिथे कुणी एकदाही पाहिलं नाही.

दुसरा होता आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीचा पालक मेळावा. अंगणवाडीताईंनी परातीत मटारच्या शेंगा ओतल्या आणि म्हणाल्या, "सोला आपापल्या पोराला घेऊन." मी सोलता सोलता विचारलं, "यात किती दाणे रे?" आणि त्याने तोंड उघडायच्या आत मीच "सहा!" म्हणून मोकळी झाले. ताई शेजारी येऊन बसल्या. "ताई, विचारलंत ना, मग थांबा थोडं. मनातल्या मनात दहा आकडे मोजा." मी पुढची शेंग त्याच्या हातात दिली आणि गप्प बसले. त्याने ती अंगठ्याने दाबून फोडली, एकेका दाण्यावर बोट फिरवलं आणि टोकाच्या अगदी बारीक दाण्यापाशी थांबून म्हणाला, "हा बाळ आहे." मोठा-लहान हा फरक त्याला कळतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो केव्हापासून कळत होता, देव जाणे. मी कधी थांबलेच नव्हते.

यावर अभ्यासही झालेत. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सुझन वॉकर यांनी वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली. त्यातल्या काही घरांत दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर, आरोग्यसेविका जायची. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन ती आईला आणि बाळाला एकत्र खेळवायची, खेळणी तिथेच ठेवायची आणि पुढच्या खेपेला बदलून न्यायची. वीस वर्षांनी पाहिलं तर या मुलांची कमाई त्यांच्यासारख्याच, पण अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती. ती मुलं फार हलाखीतली होती, त्यामुळे तोच आकडा आपल्या घराला लावू नका. पण पद्धत बघा: मूल समोर, आई खेळतेय आणि जाणती बाई शेजारी बसून बघतेय.

म्हणून फी भरण्याआधी एवढंच विचारा, की मुलगी सोबत असेल का आणि आम्ही तिच्याशी खेळताना कुणी बघून सांगेल का. 'नाही' म्हणाले तर आठ हजार राहू द्या. त्यापेक्षा तुमच्या वस्तीतली अंगणवाडी शोधा, मेळाव्याचा दिवस विचारा आणि दोघांपैकी एकाने रजा टाका. अंगणवाडी म्हणजे नुसता खाऊ वाटायची जागा, असं समजू नका. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची कल्पना.

वेळ कुठून काढायचा म्हणाल, तर वेगळा वेळ लागत नाही. माझे मिस्टर अंबडला शिफ्टमध्ये काम करतात. घरी असले की मुलाला घेऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालतात: "बाबाचा मोजा कुठला? याचा जोडीदार शोध." दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं, पण तोच त्यांचा वर्ग. सासूबाई दिंडोरीकडच्या भाषेत गोष्टी सांगतात. आधी मी "शुद्ध बोला" म्हणायचे, आता म्हणत नाही. गोष्टीत त्याला जेवढे शब्द मिळतात, तेवढे कार्डांवर कधीच मिळाले नाहीत. आणि मोबाईलवर अंगणवाडीच्या ग्रुपमध्ये रोजचा खेळ आला, तर नुसता फोटो काढून पाठवू नका, तो खेळा.

एक गोष्ट मात्र तातडीची. मुलगी हाक मारल्यावर वळून बघत नसेल किंवा अजून दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर वर्ग वगैरे बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक तपासणीला येतं, त्यांनाही दाखवता येईल.