शब्दाला चाळीस पैसे घ्यावेत का?

प्रश्न : मी जळगावात राहून पुण्यातील एका जाहिरात संस्थेसाठी मराठी लेख लिहिते. शब्दाला 40 पैसे मिळतात. दर वाढवून मागितला की, “जळगावात तुमचा खर्च तो किती?” असे विचारले जाते. योग्य दर कसा ठरवावा?

उत्तर : जळगावात घरभाडे कमी पडते ही तुमची सोय आहे; ती ग्राहकाला सवलत म्हणून देण्याचे कारण नाही. दर ठरवताना शब्दांपासून नव्हे, तासांपासून सुरुवात करावी. समजा घरखर्च, वीज, इंटरनेट, विमा, संगणकाची झीज आणि थोडी बचत मिळून महिन्याला 40,000 रुपये लागतात. महिन्यात 160 तास काम केले, तरी पत्रव्यवहार, नवे काम शोधणे आणि बिलांचा पाठपुरावा यांत निम्मा वेळ जातो. मोबदला मिळवून देणारे तास 80 उरतात, म्हणजे तासाचा भाव 500 रुपये झाला. वाचन, फोनवरची विचारपूस, लेखन आणि दुरुस्त्या धरून 800 शब्दांच्या लेखाला 5 तास लागत असतील, तर त्याचे मोल 2,500 रुपये होते आणि तुमच्या हाती 320 पडतात.

शब्दमोजणीत मराठी लेखकाचे आणखी एक नुकसान आहे. इंग्रजीत जे संबंध सुट्या शब्दांनी दाखवले जातात, ते आपल्याकडे प्रत्यय होऊन शब्दालाच चिकटतात. त्यामुळे तोच मजकूर मराठीत बहुधा कमी शब्दांत बसतो. म्हणून स्वतंत्र लेखाला ठोक रक्कम सांगावी आणि अनुवादाचा दर मूळ इंग्रजी शब्दांवर लावावा. नवा दर अमुक तारखेपासून लागू होईल असे ईमेलने कळवावे. मात्र सारी भिस्त एकाच संस्थेवर असेल तर दर मागताना आवाज आपोआप खाली येतो. रावेर-सावद्याकडचे केळी व्यापारी, जळगावच्या सराफी पेढ्या, खासगी शिकवण्या यांनाही माहितीपत्रके आणि संकेतस्थळाचा मजकूर लागतो, तेव्हा आधी दोन-तीन ग्राहक जोडावेत हे बरे.

प्रश्न : भुसावळमधील एका निवृत्त उद्योजकांच्या आत्मचरित्राचे शब्दांकन मला मिळाले आहे. “पुस्तक विकले गेले की पैसे देऊ,” असे ते म्हणतात.

उत्तर : अशी पुस्तके बहुधा अमृतमहोत्सवी सोहळ्यात भेट म्हणून वाटली जातात, त्यामुळे विक्रीची वाट पाहणे म्हणजे मोबदला सोडून देणेच होय. एक तृतीयांश रक्कम सुरुवातीला, तितकीच पहिला खर्डा दिल्यावर आणि उरलेली छपाईची प्रत हाती देण्याआधी घ्यावी. मुलाखती किती तास चालतील, खर्डा किती वेळा बदलून मिळेल आणि पुस्तकात तुमचे नाव कसे छापले जाईल, हे लिहून घ्यावे. खर्डा घरात फिरला की मुले, सुना, व्याही अशा प्रत्येकाला एखादा प्रसंग आठवतो. दोन फेऱ्यांनंतरच्या बदलांना वेगळे शुल्क लिहिलेले असेल तर ही आठवण आवाक्यात राहते.

प्रश्न : मी नंदुरबारला असतो. मुंबईतील एका कंपनीने आठ महिन्यांपासून बिल थकवले आहे. इतक्या लांबून काय करता येईल?

उत्तर : काम सुरू होण्यापूर्वी तुमची ‘उद्यम’ ही छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी झालेली असेल, तर बरेच काही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकालाही लागू होतो. त्यानुसार मुदत ठरलेली नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि करारात काहीही लिहिले असले तरी ही मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज चढते. कंपनी भारतात कोठेही असली तरी तक्रार पुरवठादाराच्या, म्हणजे तुमच्या, भागातील सुविधा परिषदेकडे (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) करता येते, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतात. आधी बिल, काम स्वीकारल्याचा ईमेल आणि व्याजाचा हिशेब जोडून एक मागणीपत्र पाठवावे. पुष्कळदा तेवढ्यानेच लेखा विभागाला जाग येते. नोंदणी नसेल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग राहतो. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे आहे. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, तेव्हा पुढच्या कामांसाठी ती आजच करून ठेवावी.

प्रश्न : धुळ्यातील एका यूट्यूब वाहिनीसाठी मी अहिराणी विनोदी पटकथा लिहितो. मोबदला मागितला की, “भाऊ, आपलीच बोली शे, पैसा कसाले?” असे ऐकावे लागते.

उत्तर : कॅमेरावाला आणि संकलकही बहुधा आपल्याच बोलीतले असतात, आणि त्यांना पैसे मिळतात. प्रत्येक पटकथेची ठरावीक रक्कम चित्रीकरणाआधी घ्यावी. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळाला तर तो त्यावर. नोकरीत नसलेला लेखक हा प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, 1957 नुसार आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो आणि ही मालकी देण्यासाठी त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरताच जातो. आपण एका चित्रफितीपुरतीच परवानगी लिहून द्यावी, कारण गाजलेल्या पात्रावर पुढे मालिका निघाली तर तिचे वेगळे पैसे मागता येतील.

प्रश्न : बिलातून 10 टक्के कापले गेले. ते बुडाले का? (शिरपूर)

उत्तर : नाही. एका ग्राहकाकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून अधिक व्यावसायिक शुल्क मिळाले की बहुतेक कंपन्यांना ही करकपात करावीच लागते. ती तुमच्या पॅनवर जमा झाली का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक कर विवरणात पाहावे आणि विवरणपत्र भरून जादा कापलेला कर परत मागावा. ग्राहकाकडे पॅन दिलेला नसेल तर मात्र कपात 20 टक्क्यांनी होते.