उद्देश्य म्हणजे हेतू नव्हे!

अमळनेरच्या एका पालकांनी विचारलंय: मुलगी आठवीत आहे, इंग्रजी वाक्यातले सब्जेक्ट-प्रेडिकेट ओळखायचे आहेत. शिकवणीत सांगितलंय, 'पहिला येतो तो सब्जेक्ट, क्रियापद म्हणजे प्रेडिकेट.' मग 'इन द कॉर्नर स्टुड अ बुलक कार्ट' याचं काय करायचं?

तो नियम आधी चुलीत घाला. क्रियापद शोधा आणि त्याला 'कोण?' किंवा 'काय?' विचारा. काय उभी होती? बैलगाडी. मग ती वाक्याच्या शेपटाला का असेना, सब्जेक्ट तीच. उरलेलं सगळं प्रेडिकेट, एकटं 'स्टुड' नव्हे. 'द ओल्ड फार्मर फ्रॉम रावेर सोल्ड हिज बनानाज' यात रावेरसकट म्हातारा सब्जेक्टात, केळ्यांसकट विक्री प्रेडिकेटात. प्रश्नार्थक वाक्य असेल तर आधी सरळ करून घ्या. संपलं.

फक्त सब्जेक्टला 'कर्ता' म्हणू नका. 'द कॉटन वॉज पिक्ड बाय द विमेन' यात वेचून वेचून बोटं सोलली ती बायांची, पण सब्जेक्ट कापूस! यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, उद्देश्य. आणि इथंच माझं डोकं फिरतं. आमच्या जळगाव-धुळ्याकडे फ्लेक्सवर बघावं तर 'शिबिराचे उद्देश्य'. हिंदीत ते चालतं, खुशाल चालू द्या. मराठीत हेतू तो उद्देश, आणि ज्याच्याविषयी काही सांगायचं ते उद्देश्य. एका 'य'ने शिबिराचं व्याकरण करून टाकतात.

उद्देश्यातला धातू दिश्, म्हणजे बोट दाखवणं. दिशा, आदेश, संदेश, निर्देश ही सगळी त्याचीच पिलावळ. आता गंमत बघा. प्रेडिकेट आलं लॅटिन 'प्रेदिकारे'वरून, म्हणजे चारचौघांत जाहीर सांगणं, आणि त्यातला 'दिक्' व आपला दिश् एकाच मुळाचे. म्हणजे मराठीचं उद्देश्य आणि इंग्रजीचं प्रेडिकेट सख्खे चुलतभाऊ, पण वाक्यात वाटण्या झाल्यासारखे बांधाच्या दोन बाजूंना! उलट प्रेडिकेटला आपण म्हणतो विधेय, त्यातला 'धा' धातू निघतो इंग्रजी 'डू'चा नातलग. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप नव्हती.

खानदेशातला 'देश'सुद्धा दिश्‌चाच, म्हणजे बोट दाखवून सांगितलेला मुलूख. 'खान'वरून मात्र भांडणं. कुणी कान्हदेश म्हणतं, कुणी खांडववन काढतं. मला इथल्या फारुकी सुलतानांचा 'खान' किताबच पटतो. कान्हा काढणाऱ्यांची भक्ती मोठी आहे, पुरावा तेवढा दिसत नाही. असो.

काही विद्वान ठासून सांगतात की उद्देश्य-विधेय ही जोडी इंग्रजी व्याकरणाच्या भाषांतरासाठी घडवली. त्यांनी संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाचा 'काव्यप्रकाश' उघडावा. ११व्या शतकातला हा माणूस काव्यदोषांत 'अविमृष्टविधेयांश' नावाचा दोष सांगतो: जे ठासून सांगायचं ते विधेयच समासात दडपलं, की वाक्य फसलं. इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण बुलोकरचं, १५८६चं. कोणी कोणाचं भाषांतर केलं? इंग्रजीकडून आपण घेतला तो वाक्यपृथक्करणाचा तक्ता, रकाने आखून मार्क कापायचा. तो त्यांचा त्यांना लखलाभ.

हां, मुलीच्या वहीतलं दुसरं वाक्य राहिलंच, 'कम हिअर, रवी'. तिने रवीला सब्जेक्ट केलंय. रवीला नुसती हाक मारली आहे. सब्जेक्ट आहे न लिहिलेला 'यू'. घरी अहिराणी बोलत असाल तर तिला विचारा, 'आठे ये रे भो' (इकडे ये रे भाऊ) यात यायचं कोणी? 'तू'ने. 'भो' फक्त मान वळवतो.