विरहिणी की विराणी?

बडोद्याच्या एका महिला भजनी मंडळाकडून विचारणा आली आहे. कार्तिकी एकादशीच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायची आहे, तर तीत ‘ज्ञानेश्वरांच्या विराण्या’ म्हणावं की ‘विरहिण्या’? अर्थ एकच ना? शिवाय ‘विराणी’ हे गुजरातीत आडनाव, त्यामुळे शेजारच्या बायका ‘या कोण?’ असं विचारतात.

पत्रिकेत ‘विरहिणी’च लिहा. ज्ञानदेवांच्या या रचनांना ‘विराण्या’ म्हणायचा प्रघात पडला आहे, चांगल्या जाणकारांच्या तोंडीही तो ऐकू येतो. पण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की देवावरच्या प्रेमाच्या दोन वेगळ्या तऱ्हा एकाच पोत्यात जातात, आणि मला ते फार लागतं.

विरहिणी म्हणजे वाट पाहणारी. तिचा प्रियकर दूर आहे, ती घरातच आहे आणि तिला काही सुचत नाही. ‘घनु वाजे घुणघुणा’ नीट ऐका. चांदणं, चाफा, चंदन या सगळ्या गार करणाऱ्या वस्तू, आणि तिचं म्हणणं काय? ‘चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी’. फुलांची शेज आगीसारखी पोळते. संस्कृत काव्यात विरहाने तापलेल्या नायिकेचं हे वर्णन पूर्वापार आहे. ज्ञानदेवांनी ते जसंच्या तसं उचललं आणि प्रियकराच्या जागी देवकीनंदन बसवला. ‘पैल तो गे काऊ’मध्ये तर ती कावळ्याला लाच देते: दहिभाताची उंडी देईन, पाय सोन्याने मढवीन, पण पंढरीराव कधी येतील ते सांग. दारी कावळा ओरडला की पाहुणा येणार, ही आपल्या घराघरातली समजूत. तिच्यावर तेराव्या शतकातल्या एका तरुण योग्याने एवढं आर्त गाणं उभं केलं!

विराणी वाट पाहत बसत नाही. ती उंबरा ओलांडून गेलेली आहे. तुकोबांच्या गाथ्यात ‘विराण्या’ या मथळ्याखाली २५ अभंगांचा एक गट आहे. त्यातलं पहिलंच वाक्य वाचा: ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी । परि हा वनमाळी न विसंबें’. पुढे तर ‘आधिल्या भ्रतारें काम नव्हे पुरा । म्हणोनि व्यभिचारा टेकलियें’. आधीचा भ्रतार म्हणजे संसार. त्याच्याकडून भागलं नाही, म्हणून ही अनंताला रातली. इथे विरह मुख्य नाही. मुख्य आहे ती लोकलाज टाकणं. जनाबाईंचा ‘डोईचा पदर आला खांद्यावरी’ हा अभंग याच जातीचा. भरल्या बाजारातून जाणारी ती बाई स्वतःला ‘येसवा’ म्हणजे वेश्या म्हणवून घेते आणि केशवाचं घर गाठते. त्याच्यावर तसा मथळा नाही, तरी मी त्याला बिनदिक्कत विराणी म्हणेन.

हे शब्द ऐकून कुणी चपापलं तर नारदभक्तिसूत्रं, म्हणजे भक्तीवरचा जुना संस्कृत सूत्रग्रंथ, काढावीत. भक्तीचा दाखला म्हणून तिथे व्रजातल्या गोपी दिल्या आहेत, आणि लगेच बजावलंय की देवाच्या थोरवीचं भान नसेल तर तेच प्रेम जाराच्या प्रेमासारखं होईल. भक्तीचे अकरा प्रकार सांगताना ‘कांतासक्ती’ (प्रियेला असावी तशी ओढ) आणि ‘परमविरहासक्ती’ (विरहाचीच ओढ) वेगवेगळ्या मोजल्या आहेत. म्हणजे नुसता विरह हीसुद्धा स्वतंत्र भक्ती ठरते. आपल्याकडे विठोबा आधी माउली, म्हणून हे प्रियकराचं नातं मागे राहतं एवढंच. बडोद्यात तरी राहू नये. देवउठी म्हणजे याच कार्तिकी एकादशीला तिथल्या मांडवी भागातून विठ्ठलनाथजी निघतात त्याला गाव ‘वरघोडा’ म्हणतं, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक.

शेजारणींना समजावायला आडनावाच्या भानगडीत शिरायलाच नको. गुजराती कवी दयारामांची गरबी, म्हणजे गरब्यासारखं गायचं गीत, त्यांना पाठ असेल. हे कवी बडोद्याच्या बाजूचेच, १७७७ मध्ये चांदोदला जन्मले, डभोईला राहिले. त्यांची गोपी रुसली आहे: आजपासून श्याम रंगाच्या जवळ जाणार नाही, कस्तुरीची बिंदी नको, डोळ्यांत काजळ नको. आणि पुढे ‘कागवाणी शकुनमां न लावुं’. काळ्या कावळ्याची वाणी ही शकुन म्हणूनसुद्धा घेणार नाही! आपली विरहिणी ज्या कावळ्याच्या चोचीत दुधाची वाटी लावते, त्याचंच तोंड ही बघत नाही. शेवटी मात्र कबूल करते की नेम तोंडाने घेतला, मन म्हणतं पळभरही निभणार नाही. वाट पाहणारी, घर सोडलेली आणि रुसलेली अशा या तिघी. तुमच्या कार्यक्रमात ‘पैल तो गे काऊ’ आणि ही गरबी अशी कावळ्याची दोन काव्यं लागोपाठ गायलीत तर निवेदनात अर्थ सांगावाच लागणार नाही.

एक व्याकरणाचं. गौळण जशी बाईही आणि गाणंही, तशीच विरहिणी आणि विराणी. म्हणून ‘विरहिणी गाऊ या’ हे शुद्धच आहे, ‘विरहिणीचा अभंग’ म्हणायची गरज नाही. ‘हि’ ऱ्हस्व; छापखान्यात हमखास ‘विरहीणी’ होतं, तेव्हा मुद्रितं स्वतः तपासा. अनेकवचन ‘विरहिणी’ किंवा ‘विरहिण्या’, दोन्ही चालतील. आणि तुकोबांचे अभंग घेणार असाल तर त्यांच्यापुढे मात्र न घाबरता ‘विराण्या’ छापा.