हायब्रिड गाडीची छोटी बॅटरी उतरल्यास

प्रश्न : तीन आठवडे उभ्या असलेल्या माझ्या हायब्रिड गाडीचे बटण दाबल्यावर दिवे मिणमिणतात, पण ‘रेडी’ (गाडी चालवायला तयार असल्याची खूण) दिसत नाही. मोठी बॅटरी भरलेली असूनही असे का?

उत्तर : मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले (विजेने चालणारे स्विच) आणि संगणक 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतात, ती उतरली की मोठीचा साठा असून नसल्यासारखा होतो. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जंपर केबल (दुसऱ्या बॅटरीची वीज घेण्याची तार) लावून गाडी सुरू करावी आणि नंतर ती तासभर ‘रेडी’ स्थितीतच ठेवावी, कारण नुसता रेडिओ चालू ठेवल्याने (ही चूक पुष्कळांकडून होते) छोटी बॅटरी भरत नाही, उलट आणखी उतरते. नारिंगी वेष्टनाच्या केबलींत जीवघेणा विद्युतदाब असतो. त्यांना कृपया हात लावू नये. रात्रभर उभ्या गाडीत छोट्या बॅटरीला लावलेला व्होल्टमीटर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत नसेल, तर बॅटरी तपासून घ्यावी.