उंची ५ फूट ४, गाडी आत्ताच शिकलोय, पहिली बाईक थेट क्लासिक ३५० घेऊ का?

घेऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. गाडी वाईट आहे म्हणून नाही रे, वजनामुळे. क्लासिक साधारण १९५ किलोची, स्प्लेंडर ११२ च्या आसपास, आणि हा फरक पळताना कळत नाही, कळतो तो पार्किंगमधून उलटी ढकलताना नाहीतर उतारावरच्या सिग्नलला एक पाय खडीवर सरकला की. मी शिकत होतो तेव्हा मित्राची जड गाडी अशीच उभ्या उभ्या आडवी केली, स्पीड शून्य, आणि मागून हॉर्न चालू. क्लच लिव्हर तुटला, त्याहून जास्त लाज वाटली.

शोरूमला गेलास की सीटवर बसून बघ, दोन्ही पायांचे चवडे तरी नीट टेकले पाहिजेत, मग सेल्समन कितीही म्हणू दे की होते सवय. १२५ सीसी शहरात पुरते, अधूनमधून घाट वगैरे करायचा असेल तर १५०-१६० वाली बघ, २०१९ पासून १२५ च्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे पावसात जोरात ब्रेक दाबला तरी निदान पुढचं चाक लॉक होत नाही, नवख्याला हे फार कामाचं.

खरं सांगू तर सेकंडहँड घे, वर्षभर पाड, घास, शीक आणि वीक. फक्त आरसी, इन्शुरन्स बघून घे आणि इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघ, विकणारा आधीच गरम करून ठेवतो. हेल्मेटचे पैसे बजेटमध्ये आधीच धर, आयएसआय मार्कवालं, फुटपाथवरचं नको.