मुंबई ते गोवा विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

गोव्यात कुठे, ते आधी सांगा; विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. दाबोळीपर्यंत हवाई अंतर साधारण ४२५ किलोमीटर, मोपापर्यंत त्याहून चाळीसेक कमी. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास लिहिलेलं असतं, त्यातला हवेतला वेळ पाऊण तासाचा. झालं उत्तर.

आता खरं सांगतो. आमचं घर काणकोणात. भावोजी डोंबिवलीचे. दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांचं एकच पालुपद: "एका तासाच्या वाटेला तुम्ही लोक रात्रभर गाडीत कसले लोळता?" दोन वर्षांपूर्वी त्यांनी विमानाचं तिकीट काढलं. मोपाचं, कारण दाबोळीपेक्षा स्वस्त मिळालं. "गोवा तो गोवाच" म्हणाले. मी गप्प बसलो. बायकोने डोळे वटारले होते.

चवथीच्या दिवशी पहाटे पाचला ते घरातून निघाले. नऊनंतरचं विमान. पावसामुळे वरच घिरट्या घालत राहिलं, अकराला मोपाला टेकलं. लगेच फोन: "पोचलो! पानं वाढायला घ्या." अहो, मोपा पेडण्यात, आम्ही काणकोणात. म्हणजे अख्खा गोवा उत्तरेकडून दक्षिणेकडे उभा कापायचा, शंभर किलोमीटरच्या घरात. आधी पट्ट्यावरच्या बॅगांची वाट बघा, मग टॅक्सीची. पर्वरीला अडकले. करमल घाटात भाच्याला उलटी झाली, तिथे पंधरा मिनिटं थांबले. उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा तीन वाजले होते. पूजा झाली होती, पंगत उठली होती, खतखतं तळाला गेलं होतं. आणि टॅक्सीला किती मोजले ते त्यांनी आजवर बहिणीलाही सांगितलेलं नाही.

माझा चुलतभाऊ आदल्या रात्री ठाण्याला कोकणकन्येत चढला. गाडी तासभर लेट. तरी एकच्या सुमारास तो गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली हात जोडून उभा होता, आंघोळ करून. प्रवास त्याचा जास्त तासांचा झाला, कबूल. पण त्यातले सात तास तो घोरत होता. भावोजींचे दहाच्या दहा तास जागेपणी गेले, त्यातले बरेचसे रांगेत.

म्हणून सांगतो, तिकिटावरचा सव्वा तास धरून कुणाला जेवायला बोलावू नका. घराच्या दारापासून दारापर्यंत मोजा. विमानतळावर दोन तास आधी जायचं, मुंबईतला ट्रॅफिक, उतरल्यावरचा रस्ता, हे सगळं त्या ४२५ किलोमीटरमध्ये कुठेच येत नाही.

आता, तुम्ही पार्ल्यात राहत असाल आणि जायचं म्हापशाला असेल, तर विमानाने खुशाल जा, मोपाच बरा. दक्षिण गोव्यात जायचं तर दाबोळी, मडगाव तिथून पंचवीसेक किलोमीटर. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, हेही लक्षात ठेवा. आणि चवथीचं रेल्वेचं तिकीट हवं असेल तर साठ दिवस आधी आरक्षण उघडतं त्या सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा. साडेआठला मिळत नाही. भावोजींना हे तीनदा सांगून झालं.

या चवथीला त्यांनी परत विमानाचंच काढलंय. दाबोळीचं.